टाचांच्या दोन रेघा

मातीबाई विटा कुटत बसली होती. भट्टीवरून आलेल्या तुटक्या विटा आधी हातोडीने फोडायच्या, मग लोखंडी खलात कुटायच्या, मग एकदा जाड चाळणीने आणि एकदा बारीक चाळणीने चाळायच्या, आणि खाली जी लाल भुकटी पडेल ती पोत्यात भरून ठेवायची, हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती ते करत होती. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळी चूळ भरली की पाणी लाल यायचं, आणि आताशा खोकला आला की तोही लवकर थांबत नसे. तिचं खरं नाव क्लबात कुणालाच माहीत नव्हतं. "मातीबाई!" अशी हाक आली की ती हातातलं टाकून उठायची, एवढं सगळ्यांना पुरत होतं.

याच भुकटीने तयार होणारं क्लबाचं मोठं टेनिसचं कोर्ट शहराचा अभिमान होता. लाल मातीचं असं कोर्ट दुसरीकडे नाही, असं सभासद पाहुण्यांना सांगत आणि सेक्रेटरीसाहेब, जणू त्यांनी ते स्वतःच्या हातांनी थापलं आहे अशा थाटात, मान डोलावत. आता लाल माती म्हणजे काही सिमेंट नव्हे. तिला रोज माणूस लागतो. संध्याकाळी खेळ संपला की बुटांनी उकरलेले खड्डे भरायचे, नळीने पाणी मारायचं, ते इतकं की माती भिजली पाहिजे पण चिखल होता कामा नये. पहाटे माती आंबट-ओली असताना जड जाळं ओढत सगळ्या कोर्टावर गोल गोल फिरायचं. त्यात आदल्या दिवशीची प्रत्येक खूण पुसली जाते. मग रोलर फिरवायचा, मग पांढऱ्या पट्ट्या कुंच्याने झाडायच्या. सभासद साडेसातला येतात तेव्हा कोर्ट असं दिसतं की त्यावर कधी कुणी पाऊलच टाकलं नसावं. ते तसं आपोआप होत नाही, हे त्यांच्या मनातही येत नाही.

कोर्टाच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या. एक विटांची आणि एक या कुटुंबाची. रोलर ज्याच्या हातात, त्याला ही खोली, असा क्लबाचा शिरस्ता होता, आणि रोलर बापाकडून मुलाकडे किंवा मुलगा नसला तर जावयाकडे जायचा. बाहेरचा माणूस माती बिघडवतो, असं म्हणत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण मातीबाईच्या आईचं लग्न त्यापायी लवकर झालं होतं, आणि खुद्द मातीबाईचं तेराव्या वर्षी. तिच्या बापाचे गुडघे गेले होते, रोलर ओढायला कुणी नव्हतं, आणि पंचविशीतला एक दणकट माणूस तयार होता. तेरा वर्षांची मुलगी आणि तीनशे किलोचा रोलर, दोन्ही एकाच दिवशी त्याच्या ताब्यात दिले गेले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

तिची दोन मुलं तान्हेपणीच गेली आणि मग दोन मुली जगल्या. नवऱ्याची कंबर मोडली तेव्हा थोरली पंधरा वर्षांची होती. पुन्हा तेच झालं. तिशीला टेकलेला, अंगापिंडाने मजबूत असा जावई मिळाला, आणि खोली राहिली. बिचारा काही वाईट नव्हता. दारू पीत नसे, काम मन लावून करायचा. धाकटी तेव्हा अकराची होती. तिला त्याने क्लबाच्या मागच्या गल्लीत सायकल शिकवली होती.

आज थोरली नव्हती. ती जाऊन वर्ष झालं होतं.

"अगं, ऐकतेस का?" नवरा दारात येऊन टेकला. त्याला सरळ उभं राहता येत नसे, एका हाताने चौकट धरावी लागायची. "जावई काल बोलला माझ्याशी."

तिने हातोडी खाली ठेवली. जावई काय बोलला असेल ते तिला न सांगताच कळलं होतं. वर्षभर ती त्याचीच वाट बघत होती आणि वर्षभर ते येऊ नये म्हणत होती.

"म्हणतो, किती दिवस असा राहू? घर पाहिजे, बायको पाहिजे. त्याच्या मावशीने एक मुलगी बघितलीय. ती आली की तिचे आईबाप, भाऊ, सगळे येणार. मग आपण कुठे जायचं?"

"मग?"

"मग काय! तो म्हणतो, तुमची धाकटी दिलीत तर मी बाहेरची करणार नाही. तुम्ही इथेच राहा म्हणतो, जन्मभर. आता याच्यापेक्षा जास्त त्याने काय बोलायचं?"

"चौदाची आहे ती."

"तू तेराची होतीस."

हेच तर त्या रूढीचं कसब. जिच्यावर ती लादली गेली तिलाच ती पुढच्या वेळी साक्षीदार म्हणून उभी करते.

"मी काय हौसेने करतोय का?" नवरा एकदम चिडून म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते. "ही कंबर घेऊन मला कोण दारात उभं करणार आहे? तुझा खोकला बघ. खोली गेली तर महिनाभरात दोघंही रस्त्यावर मरू. मग ही पोरगी कुणाच्या हाती लागेल, सांग! निदान तो ओळखीचा आहे. घरातला आहे."

मातीबाई गप्प राहिली, आणि आपल्याकडे बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावतात ते सांगायला नको. क्लबात चालू असलेल्या स्पर्धेची फायनल रविवारी होती. सोमवारी क्लबाला सुट्टी. सोमवारीच चार माणसांत लग्न उरकायचं ठरलं.

धाकटीला कळलं ते शुक्रवारी. ती शाळेतून आली, दप्तर खुंटीला लावलं, आईच्या समोर बसून चाळणी हातात घेतली. ही तिची रोजची सवय होती. चाळता चाळता ती शाळेतल्या गमती सांगायची, मास्तरांची नक्कल करायची, आणि आईला हसू आलं की खोकला यायचा. त्या दिवशी ती नुसती चाळत राहिली.

"बाबा म्हणाले ते खरं आहे?" तिने विचारलं.

"हं."

"आई, ते माझे भाऊजी आहेत. ताईच्या लग्नात मी दमले तर त्यांनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं होतं."

"मला माहीत आहे."

"तू पण हो म्हणालीस?"

"खोली जाईल गं," आई म्हणाली.

मुलीने तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, आदळआपट केली नाही. चाळणीतला खडा बोटाने बाजूला काढला आणि म्हणाली, "ताईला पण तू हेच सांगितलं होतंस."

मातीबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

थोरली कशी गेली हे तिथे कुणी बोलत नसे. रोलर एकट्याने ओढणं जमत नाही. पुढे एक ओढतो, मागून एक ढकलतो. बापाची कंबर गेल्यावर मागून ढकलायला थोरली असायची, आणि नववा महिना लागला तरी तीच होती, कारण स्पर्धेचा आठवडा होता. एका पहाटे डाव्या बाजूच्या सर्व्हिस लाइनपाशी ती अचानक खाली बसली. बसली म्हणजे घसरलीच. तिच्या टाचांनी ओल्या मातीत दोन लांब रेघा उमटल्या. जावयाने आणि बापाने तिला उचलून हातगाडीवर घातलं. मातीबाई पदर खोचून त्यांच्या मागे धावली तेव्हा नवरा ओरडला, "तू कुठे येतेस? साडेसातला मॅच आहे. जाळं कोण फिरवणार? तू फिरव, आम्ही हिला नेतो."

आणि ती मागे फिरली. हे तिने कुणालाही कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. तिने जाळ्याची दोरी खांद्यावर घेतली, बाहेरून आत गोल फिरत आली आणि सर्व्हिस लाइनपाशी पोचल्यावर त्या दोन रेघांवरून जाळं नेलं. माती साफ झाली. दवाखान्याच्या वाटेवरच थोरली गेली. मूल रडलंच नाही. ती सतरा वर्षांची होती. त्या दिवशीची मॅच वेळेवर सुरू झाली आणि कोर्ट छान आहे असं दोघा-तिघांनी सेक्रेटरीसाहेबांना मुद्दाम सांगितलं.

त्याच दुपारी एक डॉक्टरीणबाई खोलीच्या दाराशी आल्या होत्या. त्या क्लबात खेळायला येत, फाटकासमोरच राहत. त्यांनी मातीबाईच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि धाकटीला म्हटलं होतं, "बाळ, कधी काही लागलं तर माझ्याकडे ये हं." मग त्या गेल्या. असं आपण सगळेच म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. घरी पोचेपर्यंत विसरतो, तो भाग वेगळा.

रविवारी पहाटे पाच वाजता मातीबाई मागच्या गल्लीतल्या नळावर पाण्याला गेली. पाणी त्या दिवशी बारीक होतं, रांग मोठी होती. परत आली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. नवरा दारात बसून धापा टाकत होता. जावई बादलीशी वाकून बूट धूत होता.

"इतक्या सकाळी बूट धुताय?" तिने विचारलं.

"फायनल आहे ना, आई," जावई खाली बघत म्हणाला. "स्वच्छ दिसायला पाहिजे."

"धाकटी कुठाय?"

"झोपू दे तिला," नवरा घाईने म्हणाला. "तू जा, जाळं फिरव. उशीर झालाय."

तिला ते चमत्कारिक वाटलं, पण सव्वीस वर्षांची सवय माणसाला आपल्या पायांनी घेऊन जाते. ती कोर्टावर आली, जाळ्याची दोरी उचलली, आणि तशीच थांबली.

कोर्टावर कुणीतरी चालून गेलं होतं.

या घरात पोरांना बोलायला यायच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची, की पाणी मारलेल्या कोर्टावर पाय ठेवायचा नाही. चेंडू गेला तर जाऊ दे, मांजर शिरलं तर कडेने हाकल, पण आत पाऊल नाही. धाकटी तीन वर्षांची असताना बाहुली आत पडली म्हणून कडेला बसून तासभर रडली होती, पण आत गेली नव्हती. फाटकाकडे जायचं तर कडेने वाट होती. स्पर्धेसाठी प्रेक्षकांच्या खुर्च्या आणि बांबू लावून ती वाट या आठवड्यात बंद केलेली होती. मागच्या गल्लीत तर नळाच्या रांगेत ती स्वतःच उभी होती. मग आईला चुकवून जिला फाटक गाठायचं तिला एकच रस्ता उरत होता.

लाल ओली माती खोटं बोलत नाही. मातीबाईने दोरी खाली ठेवली आणि खुणा वाचायला लागली. मागच्या बेसलाइनपासून लहान, अनवाणी पावलं निघाली होती. डाव्या पायाची करंगळी जरा बाहेर पडलेली. ती करंगळी तिने धाकटी जन्मली त्याच दिवशी पाहिली होती. नेटच्या खांबापर्यंत पावलं जवळजवळ होती, भीतभीत टाकलेली. खांबाच्या पुढे ती एकदम लांब लांब झाली. तिथून पोरगी पळत सुटली होती. मागून जावयाच्या बुटांचे ठसे आले होते, आणि त्यांच्या मागे एक पाय ओढत टाकलेली वाकडी पावलं, तिच्या नवऱ्याची. ज्याला उभं राहायला चौकट लागते तो माणूस पळाला होता. फाटकापासून वीसेक पावलांवर माती सगळी उकरलेली होती. एका हाताचा पंजा पूर्ण उमटला होता, पाचही बोटांसकट. तिथून परत फिरलेले ठसे मात्र दोनच माणसांचे होते. मुलीची पावलं दिसत नव्हती. त्यांच्या मधून टाचांच्या दोन लांब रेघा मागच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या.

या रेघा मातीबाईने याआधी पाहिल्या होत्या. आणि तिने त्या आपल्या हाताने पुसल्या होत्या.

नवरा खुरडत कोर्टाच्या कडेला आला. "बघत काय बसलीस? फिरव जाळं! सातला सेक्रेटरी येतील. हे असं बघितलं तर काय म्हणतील?"

"कुठे ठेवलंय तिला?"

"विटांच्या खोलीत. काही झालेलं नाही तिला. उद्यापर्यंतचा तर प्रश्न आहे. डॉक्टरणीकडे निघाली होती, इज्जत वेशीवर टांगायला!"

मातीबाईने जाळ्याची नीट घडी केली. कोर्टाच्या मधोमध, खुणा चुकवत, पाय जपून टाकत गेली, घडी खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"अगं, काय करतेस हे?"

"कुलूप काढा," ती म्हणाली. "मग उठते."

नवऱ्याने समजूत घातली, हात जोडले, शिव्या दिल्या. जावई आला. "आई, उठा. तमाशा करू नका. मी रोलर सोडला तर आज संध्याकाळी तुमचं सामान बाहेर असेल."

"असू दे."

"मी तुमचं काय वाईट केलं हो?" त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "मारतो का मी? पितो का? तिला नीटच वागवणार होतो ना!"

"थोरलीलाही नीटच वागवलंत," मातीबाई म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाही. कुलूप काढा."

सात वाजता सेक्रेटरीसाहेब आले आणि त्यांचा विश्वास बसेना. फायनलच्या दिवशी कोर्ट जनावरांनी तुडवल्यासारखं दिसत होतं आणि मधोमध मातीबाई बसली होती. ते ओरडले, मग आजूबाजूला लोक जमताहेत हे पाहून हळू आवाजात ओरडले. खेळाडू आले. हातात पांढरे टॉवेल घेतलेले सभासद आले. डॉक्टरीणबाई आल्या. बाहेरगावाहून आलेले म्हातारे पंचही आले. चेंडू आत पडला की बाहेर, यावर वाद झाला की हे पंच खुर्चीवरून उतरत, मातीतली खूण शोधत आणि बोटाने दाखवत. चाळीस वर्षांत त्यांनी दाखवलेली खूण कुणी खोटी म्हटली नव्हती. असं त्यांचं नाव होतं.

"पंचसाहेब," मातीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही खूण बघून सांगता ना, काय झालं ते? मग हे बघून सांगा. माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवेल?"

कुणीतरी हसलं. पण पंच खुणा चुकवत फाटकाकडच्या बाजूला गेले, गुडघ्यावर बसले आणि सवयीने बघायला लागले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"लहान पाय आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज खेळातल्यासारखाच खणखणीत आणि कोरडा होता. "अनवाणी. बारा-चौदा वर्षांची मुलगी असेल. पळत आलीय. मागून दोन पुरुष. इथे पडलीय. हा तिचा हात. इथून पुढे..." ते थांबले. "इथून पुढे ती चाललेली नाही. तिला ओढत नेलंय."

मघाशी हसलेला माणूस मागे सरकला.

"उद्या तिचं लग्न आहे," मातीबाई म्हणाली. "त्या माणसाशी. माझ्या थोरलीच्या नवऱ्याशी. थोरलीच्याही टाचांच्या अशाच रेघा पडल्या होत्या मागच्या वर्षी, तिथे, डावीकडे. त्यावर मी जाळं फिरवलं. तुमची मॅच होती."

"हे बघा," सेक्रेटरीसाहेब घसा साफ करत म्हणाले, "हा त्यांचा घरगुती मामला आहे. आपण त्यात पडणं बरोबर नाही. आणि वेळ होत चाललीय."

दोन-चार माना डोलल्या. पंच उठले, गुडघ्याची माती झटकली आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांनी खूण सांगितली होती. त्यांचं काम तिथे संपत होतं, निदान त्यांना तरी तसं वाटलं. ते सावलीतल्या खुर्चीकडे निघून गेले.

डॉक्टरीणबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. पावलं कुठल्या दिशेला निघाली होती ते त्या बघत होत्या. फाटकाच्या पलीकडे रस्ता होता आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांचं घर. "माझ्याकडे येत होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "आता कुठे आहे ती?"

"विटांच्या खोलीत. किल्ली ह्यांच्याकडे आहे."

"उघडा."

"बाई, तुम्ही मोठी माणसं," जावई मध्ये आला, "आमच्या घरात..."

"मी पोलिसांना फोन करते आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पर्समधून फोन काढला. "चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न हा घरगुती मामला नाही. तो गुन्हा आहे. आणि सेक्रेटरीसाहेब, तो तुमच्या क्लबाच्या खोलीत चाललाय."

किल्ली पोलिसांनी काढून घेतली नाही. ते यायच्या आधीच बापाने ती काढली. सगळ्या लोकांसमोर आपली वाकडी पावलं पंचाने बोटाने दाखवली, तेव्हापासून त्याने मान वर केली नव्हती. तो खुरडत गेला, कुलूप काढलं आणि दाराला टेकून खाली बसला. धाकटी बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत लाल होती. पापण्यासुद्धा लाल. खोकता खोकता तिने आईला शोधलं.

मातीबाई जाळ्यावरून उठली.

ती उठताच सेक्रेटरीसाहेबांनी धावत जाऊन जाळं उलगडलं. रोलरवाला जावई हलेना, दुसरं कुणी पुढे येईना, आणि आठ वाजत आले होते. पांढरे बूट, पांढरी पँट, आणि खांद्यावर दोरी. ते मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला ओढत निघाले. मातीबाई मुलीचा हात धरून चालली होती, तिला ते बघवेना.

"बाहेरून आत ओढा, साहेब," ती न राहवून म्हणाली. "असं ओढलं की माती कडेला जाते."

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी पंजा पुसला, बुटांचे ठसे पुसले, टाचांच्या रेघा पुसल्या. फायनल तासभर उशिरा सुरू झाली. चेंडू जरा वेडेवाकडे उसळत होते, पण सामना रंगला असं सगळ्यांचं मत पडलं.

पोलिसांनी बापाला आणि जावयाला ठाण्यावर बसवून ठेवलं, दोघांकडून लिहून घेतलं, दम दिला. लग्न मोडलं. मायलेकींची खोलीही गेली; रोलर जावयाकडेच राहिला आणि नवरा त्याच्याच आश्रयाला. क्लबाच्या कमिटीने ठराव केला की सभासदांनी कर्मचाऱ्यांच्या खाजगी बाबतीत पडू नये. डॉक्टरीणबाईंनी क्लब सोडला आणि ओळखीच्या एका दवाखान्यात मातीबाईला चादरी धुण्याचं काम मिळवून दिलं. एका अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत मायलेकी राहायला लागल्या. खोलीत उजेड नव्हता. चुळीचं पाणी मात्र हळूहळू नितळ यायला लागलं. खोकला काही गेला नाही, आणि डॉक्टरीणबाई तिची छाती तपासून झाल्यावर बराच वेळ गप्प बसल्या तेव्हा मातीबाईने काही विचारलंही नाही. धाकटी शाळेत जात होती. ती आता आईशी जपून बोलायची. पूर्वीसारखी नक्कल तिने अजून एकदाही केली नव्हती.

तीन महिन्यांनी एका दुपारी नवरा जिन्यापाशी येऊन उभा राहिला. आधाराला भिंत धरली होती. दाढी वाढलेली, कपडे मळलेले. मातीबाईने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. तो घटाघट प्यायला आणि पायरीवर टेकला.

"जावयाचं ठरलं," तो म्हणाला. "रविवारी लग्न आहे. तिच्या घरचे सगळे खोलीत येणार. मला सांगितलंय, शनिवारी निघा." तो रिकामा तांब्या हातात फिरवत राहिला. "आता मी कुठे जाऊ?"

मातीबाई ओल्या चादरी पिळत होती.

"कितीची आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"मुलगी."

"मला काय माहीत? असेल पंधराची. तिच्या बापालाही गुडघेदुखी आहे, त्याला राहायला जागा पाहिजे..." बोलता बोलता तो थबकला. आपण काय बोलतोय ते त्याच्या कानावर आलं असावं.

मातीबाईने हातातली चादर दोरीवर टाकली, तिच्या सुरकुत्या नीट केल्या, हात पुसले. चपला पायात घातल्या.

"आता कुठे निघालीस?" त्याने विचारलं. "अजून तीन चादरी राहिल्यात."

"त्या तुम्ही पिळा," ती म्हणाली. "मला त्या मुलीचं घर दाखवा आधी."